क्लिफर्डची उलटी प्रदक्षिणा

डेरेक हेपवर्थ गेली दोन वर्षं मोटरसायकलवरून फक्त डावीकडे वळत होता आणि इंग्लंडातल्या अख्ख्या शिपली गावात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गाडी १९२९ची स्कॉट, शिपलीतच बनलेली. सतराव्या वर्षी घेतली, आता त्याला अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं. पाव आणायचा असो की डॉक्टरला दात दाखवायचे असोत, जायचं हिच्यावरूनच. वळताना लुकलुकणारे दिवे तिला नाहीत. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढून दाखवायचा. आणि डेरेकचा उजवा खांदा असा धरला होता की हात कोटाच्या खिशाच्या वर जाईना. दिवे बसवून घे म्हणाल तर तो तुमच्याशी बोलणं टाकेल. हात न दाखवता वळण्याइतका तो निर्लज्ज नव्हता. आणि मुलीला, सुझनला, कळलं असतं तर तिने त्याच आठवड्यात गाडी संग्रहालयाला देऊन टाकली असती. म्हणून दोन मिनिटांवरच्या बेकरीत हा बाबा डावी-डावी वळणं घेत पंधरा मिनिटांनी पोचायचा. शेजारी म्हणायचे, काय हौस आहे म्हाताऱ्याला!

तशात त्याचा जिवलग दोस्त क्लिफर्ड गेला. त्यांच्या मोटरसायकल क्लबाची रीत अशी, की सभासद गेला की शवपेटीच्या गाडीपुढे सगळ्यांत जुनी मोटरसायकल चालणार. सगळ्यांत जुनी डेरेकची. नाही म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही. प्रार्थना होणार त्या चॅपेलपासून शवदाहिनी सात मिनिटांवर, पण वाटेत एक उजवं वळण. डेरेकने रात्रभर नकाशा घेऊन नुसत्या डाव्या वळणांचा पंचवीस मिनिटांचा रस्ता शोधून काढला. शवदाहिनीची वेळ अडीचची होती, म्हणजे जमण्यासारखं होतं.

चौथ्या वळणानंतर समोरचा रस्ता पाइपसाठी खणलेला. पाटीवरचा बाण उजवीकडे. डेरेकने पाटीकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं आणि डावीकडे वळला. मागोमाग शवपेटीची गाडी वळली, घरच्यांची गाडी वळली, चौदा मोटरसायकली वळल्या. आणखी दोन डावी वळणं, आणि सगळी वरात पुन्हा चॅपेलच्या दारात!

अंत्यविधीचं काम बघणारे मिस्टर ग्रीनवुड उंच काळी टोपी सावरत पुढे आले.

"हेपवर्थसाहेब, हे चॅपेल आहे."

"दिसतंय मला."

"आपण इथूनच निघालो होतो."

"तेही आठवतंय."

"दोन वाजून दहा मिनिटं झालीत, साहेब."

तेवढ्यात क्लिफर्डची बायको मॉरीन गाडीतून उतरून आली. "काय रे डेरेक, क्लिफला गाव दाखवतोयस होय?"

"रस्ता खणलाय."

"उजवीकडे मोकळा आहे की." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "उजवा हात वर कर बघू."

"कशाला?"

"कर म्हणते ना!"

त्याने केला. हात खिशापर्यंत आला आणि थांबला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"अरे देवा! म्हणून रविवारी आमच्याकडे यायला तुला तासभर लागायचा!"

"सुझनला सांगू नकोस, मॉरीन. ती गाडी काढून घेईल. मग मी घरात बसून करू काय? आता तर क्लिफही नाही." त्याचा आवाज फाटला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

मॉरीनने ग्रीनवुडना मागचं दार उघडायला लावलं. शवपेटीवर फुलांमध्ये क्लिफर्डचं हेल्मेट ठेवलेलं होतं. तिने ते उचललं, डोक्यात घातलं, काळा स्कर्ट गुडघ्यावर घेतला आणि डेरेकच्या मागे बसली. हेल्मेट कानांवर घसरत होतं.

"बाई, अशी रीत नाही," ग्रीनवुड म्हणाले.

"नसेल. चल रे, डेरेक."

नाक्यावर तिने उजवा हात सरळ बाहेर काढला. दोन वर्षांनी डेरेक उजवीकडे वळला, मागून क्लिफर्ड वळला, सगळे वळले. डेरेक ढसाढसा रडत होता आणि गाडी अगदी सरळ चालवत होता.

"हात घे खाली आता," थोड्या वेळाने तो म्हणाला. "वळलो आपण."

"घेते. गुरुवारी दहाला ये. मला बाजारात जायचंय, बसने एकटीला जाववणार नाही."

"येतो," डेरेक म्हणाला.