मधला फिन

माझ्या सर्फबोर्डांच्या दुकानात एकच नियम आहे, फिन मी लावणार. बोर्ड कुणाचाही असो, स्क्रूची चावी माझ्या गळ्यात असते. गिऱ्हाइकं वैतागतात, वैतागू देत. मागच्या खिडकीतून समुद्र बघायचा आणि त्या दिवसाचे फिन, माशाच्या परासारखी ती पाती, बोर्डाच्या पोटाला, शेपटीकडे आवळायचे, हे काम मी वीस वर्षं करतेय. लाटा गुडघाभर आणि मऊ असतील तर दोन रुंद फिन, मग बोर्ड मजेत घसरतो. रोजच्या लाटांना साधे तीन. लाट उंच, उभी आणि वेगवान असेल तर तीन मोठे, कडक, आणि त्यात मधला हवाच हवा. तो नसला की उतारावर शेपटी सुटते आणि माणूस आडवा होतो. रेतीवर पडलेला माणूस हसत उठतो. खडकांवर पडून हसत उठलेला मी तरी कुणी पाहिलेला नाही.

दोन दिवस समुद्र फुगत होता. दोन लाटांमधला वेळ वाढत चालला होता, म्हणजे मागून मोठ्या लाटा येणार, आणि ते लक्षण मला मुळीच आवडत नाही. शेजारचा शिंपी म्हणाला, आज किती शांत वाटतंय नाही? मी त्याला त्याच्या सुया सांभाळायला सांगितलं.

संध्याकाळी धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, जाहीर केलं की सकाळी तो खडकांच्या बाजूला जाणार. आमची चांगलीच जुंपली. मी नाही नाही ते बोलले. आई गेल्यावर तुला वाढवलं ते खडकांवर आपटायला नाही, हेही बोलून झालं. त्याने सगळं ऐकून घेतलं, बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला आणि दारात थांबला.

"ताई, इतकी वर्षं तू फिन लावतेस, पण एकदाही बघायला आली नाहीस."

"मला बघवत नाही," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं.

तो गेल्यावर मी डोकं चालवलं आणि तिथेच घात झाला. बाजूचे दोन फिन आवळले, मधला लावलाच नाही, एप्रनच्या खिशात टाकला. सकाळी तो रिकामी खाच बघणार, तणतणत माझ्याकडे येणार, मी चावी देणार नाही. भांडता भांडता भरती ओसरून जाईल. मग चार दिवस अबोला धरेल तो, धरू दे. मी बोर्ड नेहमीसारखा पिशवीत घातला आणि चेन ओढली.

सकाळी दुकान उघडलं तर टेबल रिकामं होतं; दुकानाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. आता येईल, मग येईल, म्हणून मी दाराकडे बघत बसले. शेवटी शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, धाकटा नीट उजाडायच्या आधीच गेला.

"मी म्हटलं त्याला, फिन तरी बघून घे. तर म्हणतो, ताईने लावलेत, त्यात बघायचं काय?"

माझ्या नियमाने त्याची बघायची सवयच मोडली होती, आणि हे मला आत्ता कळत होतं. मी एप्रनसकट धावत सुटले.

किनाऱ्यावर त्याची पिशवी पडली होती. तो पार खडकांपाशी, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे बोर्डावर बसला होता. मी दोन्ही हात हलवले, मागे फिर म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडले. पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. पण त्याने मान वळवली. मला बघितलं. आणि हात उंच करून इतक्या आनंदाने हलवला की एवढ्या लांबूनही तो आनंद मला कळला.

मग मागून लाटांची रांग उठली. त्याने पहिली सोडली, दुसरी सोडली. खिशातला फिन मी मुठीत इतका आवळला होता की तळहात चिरला. धाकट्याने बोर्ड वळवला आणि सगळ्यांत मोठी लाट निवडली, कारण आज ताई बघायला आली होती.