शेजाऱ्यासाठी ठेवलेलं भोक

मी गडगा बोलतोय. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. उत्तर इंग्लंडात, तळ्याच्या काठापासून निघून थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेलेलो. तुम्ही मला पाहिलंही असेल एखाद्या कॅलेंडरवर. खाली निळं तळं, वर ढग, मध्ये मी आणि माझ्यापुढे दोन मेंढ्या. त्या मेंढ्या फोटोवाल्याला हव्या होत्या म्हणून उभ्या नव्हत्या. त्यांना पलीकडे जायचं होतं.

मला रचणाऱ्यांनी माझ्या तळाशी एक चौकोनी भोक ठेवलं. मेंढी जाईल एवढं, गाय अडेल एवढं. त्याच्या तोंडावर पाटीचा सपाट दगड. तो सरकवला की वाट मोकळी. एका बाजूला जॉस मॉन्सीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला लँटी टायसनचा. माझ्याखेरीज डोंगरावर कुंपण नसतं, आणि माथ्यावर मीही संपतो. आपली हद्द कुठवर हे मेंढी आपल्या आईच्या मागे फिरून शिकते आणि मग आपल्या कोकराला शिकवते. तरी एखादी चुकतेच. चुकलेली मेंढी ज्याची त्याला परत करायची, हा इथला नेम. शरद ऋतूत सगळ्या खोऱ्यातले मेंढपाळ खानावळीच्या अंगणात जमतात, अंगावरचा रंग नि कानाची खाच बघून मेंढ्या परत करतात आणि मग मटण-बटाट्यावर ताव मारतात. जॉस आणि लँटीला मात्र तोवर थांबायची गरज नव्हती. त्यांच्यात मी होतो.

"लँटी, तुझी म्हातारी आली बघ परत. तुझ्याकडचं गवत गोड लागत नाही वाटतं तिला."

"दोन दिवस तुझ्याकडे राहून बारीक झाली की रे. उपाशी ठेवतोस काय लेका पाहुण्यांना?"

असं म्हणत एकाने ढकलायची, दुसऱ्याने धरायची. मग माझ्या डोक्यावर कोपर टेकून दोघे चहा प्यायचे. मला ते फार आवडायचं. दगड असलो तरी सांगतो.

मग ते लाळ-खुरकुताच्या साथीचं वर्ष आलं. खाली सपाटीवर जनावरं मरू लागली. जी मरत नव्हती ती सरकारी माणसं मारत होती, आणि रोगी कळपाशी संबंध आलेला शेजारचा कळपसुद्धा. हुकूम निघाला की कोणतंही जनावर जागचं हलवायचं नाही. पायवाटा दोर लावून बंद झाल्या. तळ्याकाठी एक पाहुणा दिसेना.

नेमकी तेव्हा लँटीची एक गाभण मेंढी जॉसच्या कळपात होती. हिवाळ्यातल्या बर्फात कधीतरी इकडे आलेली. तिचे दिवस भरत आले होते. ती इथे व्याली असती तर तिचं कोकरू जॉसचा डोंगर शिकलं असतं आणि जन्मभर परकं राहिलं असतं. जॉस दोन संध्याकाळी माझ्याजवळ येऊन नुसता उभा राहिला. तिसऱ्या संध्याकाळी त्याने पाटीचा दगड सरकवला आणि तिला पलीकडे सोडली. त्याच्या कळपात सगळं ठणठणीत होतं. निदान त्याला तसंच दिसत होतं.

त्याच आठवड्यात त्याच्या मेंढ्यांच्या तोंडाला फेस आला. गुरांचा डॉक्टर आला, त्याने विचारलं, इथून काही बाहेर गेलंय का? जॉसने खोटं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्याला ते जमलं नाही.

दोन्ही कळप गेले. आधी जॉसचा, मग लँटीचा. गोळ्यांचे आवाज माझ्या दोन्ही बाजूंनी आले. नंतर खाली शेतात चिता पेटली, आणि तो धूर दिवसेंदिवस माझ्या दगडांत बसून राहिला. त्या मेंढीचं कोकरू जन्मलं होतं. तेही सोडलं नाही.

लँटी माझ्यापाशी आला तेव्हा जॉस पलीकडे उभा होता.

"ठेवून घेतली असतीस तर माझी एक मेंढी मेली असती, जॉस. एकच."

"ती तुझी होती. दुसऱ्याची मेंढी ठेवून घेऊ मी?"

लँटी दगड आणत राहिला आणि त्या भोकात ठोकून बसवत राहिला. भोक बुजेपर्यंत जॉस बघत होता.

पुढच्या वर्षी पायवाटा खुल्या झाल्या. या हो या, म्हणून सगळ्या देशाला आमंत्रणं गेली. लोक आले. काय शांत आहे इथे, म्हणाले. शांत असणारच. माझ्या दोन्ही बाजूंना ओरडायला कोणी उरलंच नव्हतं.

लँटीने लांबून मेंढ्या आणल्या. त्यांना हा डोंगर ठाऊक नव्हता. त्यांना हद्द शिकवायला तो उन्हापावसात त्यांच्यामागे वर्षानुवर्षं फिरला, गुडघ्यांची वाट लावून घेतली. जॉसने पुन्हा मेंढी घेतली नाही. त्याची बायको आधीच गेलेली. तरी तो रोज डोंगरावर जायचा. लँटीची चुकार मेंढी दिसली की तिला माझ्यापर्यंत आणायचा, बुजलेल्या भोकाकडे बघायचा आणि मग तिला घेऊन उतरत खाली ओढ्याकाठच्या फाटकापर्यंत जायचा. ते अंतर म्हाताऱ्या पायांना थोडं नव्हतं. दगड काढले असते तर चाललं असतं. पण बुजवलं लँटीने, तर उघडायचंही लँटीने, असा त्याचा हिशेब. लँटीला सकाळी मेंढी फाटकाच्या आत दिसायची. कोण आणून सोडतं ते त्याला पक्कं माहीत होतं. खानावळीच्या अंगणात मात्र दोघे दोन टोकांना पाठ करून बसायचे. वीस वर्षं गेली अशी. माणसं माझ्यापेक्षा घट्ट रचलेली असतात.

गेल्या हिवाळ्यात जॉस गेला. दफनाला लँटी चर्चच्या दारापर्यंत आला आणि दारातूनच मागे फिरला. जॉसचं घर शहरातल्या कोणीतरी घेतलं. आता तिथे सुट्टीला पाहुणे उतरतात. दारावर मेंढीचं चित्र टांगलंय.

वसंतात लँटीची एक मेंढी चुकली. तो रोज सकाळी फाटकाशी जाऊन बघत होता. ती आली नाही. मग एका दुपारी तो धापा टाकत माझ्यापाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच ठोकलेले दगड एकेक करून उपसू लागला. बोटांतून रक्त आलं तरी थांबला नाही. वाट मोकळी झाली तसं त्याने खाली वाकून भोकात तोंड घातलं.

"जॉस," तो म्हणाला, "माझी आली असेल तर सोड रे इकडे."

पलीकडे पाहुण्यांपैकी एक बाई फोटो काढत उभी होती. ती जवळ आली आणि तिने कौतुकाने विचारलं, हे भोक कशासाठी ठेवलंय?

"शेजाऱ्यासाठी," लँटी म्हणाला आणि रडू लागला. बाईने फोन खाली केला.

आता माझा माथा दोन ठिकाणी ढासळलाय. मला रचू शकणारे हात खोऱ्यात फार उरले नाहीत. तरी तुम्ही इकडे या. तळं खरंच निळं आहे, आणि वरच्या अंगाला चंडोल गातात तेव्हा मलासुद्धा बरं वाटतं. फोटो काढा, फक्त माझ्यावर चढू नका. आणि जॉसच्या बाजूला डाव्या कुशीवर लँटीचा लाल पट्टा असलेली मेंढी दिसली, तर तिला हळूहळू माझ्यापर्यंत आणा. धरायची गरज नाही. मागे उभे राहिलात तरी पुरे, भोकातून ती आपसूक जाते. पलीकडे लँटी दुपारभर बसलेला असतो.