दत्तोबाच्या दोन रेघा

लासुर्ण्यात ओढ्याकाठच्या दत्तोबाच्या ओट्यावर रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. कुणी इंदापूरहून यायचं, कुणी कोऱ्हाळ्याहून मोटारसायकलवर तिघं बसून. सगळ्यांचं दुखणं एकच, नागीण. अंगाच्या एका बाजूला पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो, अंगाची आग आग होते, आणि त्या पट्ट्याचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस संपतो, असं सगळा मुलूख मानत होता. दत्तोबा ते भिडू देत नाही, एवढ्यावर त्याचं दुकान चाललं होतं.

"संभाजी, सदरा वर घे!" दत्तोबा ओरडला.

तीन दिवसांपूर्वी रेघ मारून गेलेल्या संभाजीनं सदरा वर घेतला. कण्यापासून निघालेले फोड बरगडीवरून वळून पोटावर आले होते आणि बेंबीवरच्या गेरूच्या उभ्या रेघेपाशी थांबले होते, अगदी खेटून.

"बघा लोकहो! सातपदरी नागीण हाय! तीन दिस फणा आपटतीया, पन माझी रेघ वलांडायची टाप न्हाय तिची!"

गर्दीनं हात जोडले. सारजाबाईनं जोडले नाहीत. एक तर तिचा हात नवऱ्याच्या दंडाला होता, आणि दुसरं म्हणजे तिला दत्तोबाचा भरवसा वाटत नव्हता. १९९६ साल होतं, पण ह्या ओट्यावर ते अजून पोचलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, तात्याबाला, नागीण कपाळावर उठली होती. परवा उजव्या कपाळाची आग सुरू झाली आणि काल फोड आले. केसांच्या कडेपासून ते खाली उजव्या भुवईकडं सरकत होते. भुवईखाली डोळा होता, आणि सारजाचा जीव त्या डोळ्यात अडकला होता.

दत्तोबानं वाटीतल्या गेरूत बोट बुडवलं, पुटपुटला, फुंकर मारली आणि कपाळाच्या मधोमध, नाकावरून हनुवटीपर्यंत उभी रेघ ओढली. "नऊ दिस मीठ न्हाय, आंघूळ न्हाय, आन गोळी-सुई तर बिलकूल न्हाय. सुई टोचली की नागीण डसली म्हून समजा!"

गेरू सारजाला नवा नव्हता. घरात मेंढरं होती तेव्हा खुणेसाठी ती त्यांच्या पाठीवर गेरूच लावायची, आणि गेरूला भिऊन एखादं मेंढरू थांबल्याचं तिला काही आठवत नव्हतं. दुसरंही एक आठवत होतं. तरुणपणी मेंढरांमागं कोकणात गेली असताना तिच्याच बरगडीवर नागीण उठली होती. तिथं ना दत्तोबा, ना रेघ. तरी ती बेंबीपाशीच थांबली होती.

"लीलाबाई, माझी कुणी थांबवली गं?" तिनं शेजारणीला हळूच विचारलं.

"देवानं."

"मग देव हाय की. ह्यो कशाला पायजे?"

लीलाबाईनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडं पाहिलं. सारजा पुढं होऊन अगदी गरीब आवाजात म्हणाली, "महाराज, भुवईच्या वर आडवी बी एक मारा. डोळ्यात उतराय नगो."

दत्तोबाचं बोट वाटीतच थांबलं. "आडवी रेघ न्हाय मारत आमी."

"का वं? तुमची रेघ ती वलांडत न्हाय नव्हं?"

"मारा की महाराज!" गर्दीतून चार जण बोलले. डोळा कुणाला नको असतो? दत्तोबाला सुटका उरली नाही. त्यानं भुवईच्या वर बोटभर जाडीची रेघ ओढली, दोनदा जास्त फुंकर मारली आणि छाती फुगवून म्हणाला, "आता नागीणच काय, तिचा बाप बी खाली उतरायचा न्हाय!"

सारजाला त्याच दिवशी दवाखान्यासाठी बारामती गाठायची होती. तात्याबा हटून बसला. "गोळी घेतली की डसती ती. तू मला मारायला निघालीस व्हय?"

"उद्या सकाळपातूर थांबते," सारजा म्हणाली. "आडवी रेघ टिकली तर मी दत्तोबाच्या पाया पडंन. मोडली तर गप माझ्यासंगं यायचं."

"कबूल."

सकाळी तिनं त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. आडव्या रेघेवर फोड, रेघेखाली फोड. पापणी सुजून मिटलेली आणि नाकाच्या शेंड्यावर उजव्या अंगाला एक फोड. उभी रेघ मात्र जशीच्या तशी होती. पैज जिंकल्याचा आनंद तिला तिळभर झाला नाही.

एस्टीच्या वाटेवरच ओटा लागत होता. तात्याबाच तिथं थांबला.

"मीठ खाल्लं आसंल!" दत्तोबानं लांबूनच ओरडायला सुरुवात केली. "पाळनूक मोडली!"

तात्याबाला बोलायला वेळ लागायचा, पण मेंढपाळाचं डोकं एकदा चाललं की चुकत नसे. "दत्तोबा, मीठ खाल्लं आसतं तर उभी बी मोडाय पायजे हुती. एकाच गेरूची, एकाच हाताची दोन कुंपनं. एक मोडलं आन एक ऱ्हायलं? मग तुजं कुंपन कामाचं न्हाय. ती मधल्या रेघंपाशी आपसूकच थांबती."

ओट्यावर आलेले चार-पाच जण चुळबुळले. कोऱ्हाळ्याचा एक माणूस सदरा काढून बसला होता; त्याचे फोड अजून बरगडीपर्यंतच आले होते. सारजानं त्याच्याकडं बोट दाखवलं. "ह्यास्नी मारा की रेघ. बेंबीवर न्हाय, हितं बरगडीवर, चार बोटं म्होरं. थांबती का बघू."

दत्तोबानं वाटी खाली ठेवली. "आज मुहूर्त न्हाय."

कोऱ्हाळ्याच्या माणसानं सदरा अंगात घातला आणि त्यांच्याबरोबर एस्टीत चढला.

बारामतीत डोळ्यांच्या डॉक्टर पद्माताईंनी आधी नाकाचा शेंडा पाहिला. "मावशी, वेळेत आणलंत. नाकाच्या शेंड्याची नस आणि डोळ्याची नस एकाच फांदीची. इथं फोड आला की डोळ्याला धोका असतो." त्यांनी दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या लिहिल्या आणि डोळ्यात घालायचं औषध दिलं. कोऱ्हाळ्याच्या माणसालाही शेजारच्या दवाखान्यात चिठ्ठी देऊन पाठवलं.

"पन ही मधी का थांबती?" सारजानं विचारलं. ते कळल्याशिवाय ती उठणार नव्हती.

"तात्या, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या हुत्या की."

"त्यांचे विषाणू तेव्हा मेले नाहीत. नसांच्या मुळाशी पेशींच्या गाठी असतात, अंगाच्या नसांच्या कण्याजवळ, चेहऱ्याच्या नसांच्या कवटीत. त्या पेशींत ते वर्षानुवर्षं निजून राहतात. वय झालं, अंगातली ताकद कमी झाली की जागे होतात आणि त्याच नसेतून कातडीवर येतात. नस सुजते म्हणून आग होते. उजवी नस उजवीकडंच पसरते, डावी डावीकडं, आणि दोन्ही अंगाच्या मधोमध संपतात. रस्ताच तिथं संपतो, म्हणून फोडही तिथंच संपतात. रेघ मारा नाहीतर मारू नका."

तात्याबाचा डोळा वाचला. कपाळ मात्र पुढं चार महिने ठणकत राहिलं, कारण दुखावलेली नस लवकर शांत होत नाही. हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दत्तोबानं असलं काही कधी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी पलीकडच्या आळीतली धोंडाबाई त्यांच्या दारात आली. तिचा डावा डोळा दुधासारखा पांढरा होता. दोन वर्षांपूर्वी तिच्याही कपाळावर नागीण उठली होती आणि दत्तोबानं रेघ ओढली होती. डोळा गेला पण जीव महाराजांनी राखला, असं ती तेव्हापासून सगळ्यांना सांगत आली होती. ती तात्याबाच्या डोळ्याकडं बघत राहिली.

"सारजा, खरं सांग. मी बारामतीला गेले आसते तर माझा ऱ्हायला आसता?"

सारजाला खोटं बोलून तिचं मन राखता आलं असतं. पण ह्या गावात मनं राखता राखताच डोळे गेले होते. "ऱ्हायला आसता, बहुतेक," ती म्हणाली आणि तिनं धोंडाबाईला जवळ घेतलं.

धोंडाबाई खूप रडली. उठताना म्हणाली, "आता दर रयवारी मीच बसते त्या ओट्याम्होरं. ह्यो डोळा दावते येनारा-जानाराला."

आणि ती बसलीही. तेव्हा वाचकहो, अंगावर असा पट्टा उठला तर पहिल्या तीन दिवसांत दवाखाना गाठा, कपाळावर उठला तर त्याच दिवशी. आणि वाटेत कुणी रेघ मारायला बसलाच असेल, तर त्याला ती अंगाच्या मध्यापासून चार बोटं अलीकडं मारायला सांगा.