आडाचं सुशोभीकरण

ही गोष्ट २०२३ सालची. सांगलीच्या अलीकडं कृष्णाकाठी एक गाव आहे. तिथं आधी आड खोदला आणि मग त्याच्या भोवतीनं घरं उठली, असं जुनी माणसं सांगत. घरोघरी नळ आले तशी गावानं आडाकडं पाठ फिरवली. ऐंशीची आक्काताई तेवढी प्यायचं पाणी तिथूनच शेंदायची. पाणी फडक्यानं गाळायचं, फडक्यात अडकलेले बारीक जीव तांब्यात झाडायचे आणि तांब्या दोरीनं खाली सोडून अलगद पालथा करायचा. जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, हा तिच्या जैन घराचा नेम.

एके सकाळी बादलीतून पोराचा वापरलेला डायपर वर आला. त्याला कोंबडीची पिसं चिकटलेली. आक्काताईनं बादली तिथंच टाकली. ती तशीच नातवाकडं गेली. जिनेश पंचायतीत सदस्य होता.

"माणसं हायत का डुकरं रं ही? प्यायच्या पाण्यात हगत्यात!"

"दम धर की आज्जी. आडाचं सुशोभीकरण मंजूर झालंय."

"गाळ काढणार न्हवं?"

"व्हय गं, लख्ख करतो."

नातसून दीपाली हसली. "आवं आज्जी, तुमचा तांब्या बी ठेवू तिथं, काचंच्या पेटीत."

"मग मला बी बसवा की त्यात!" आक्काताई फणकारली, पण आड वाचणार म्हणून मनातून हरखली.

पुढच्या आठवड्यात ती बघायला गेली. आडात ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी केलेली. बेडूक, मासे, एक म्हातारं कासव, सगळे पोट वर करून तरंगत होते आणि त्यांच्यावर काँक्रीट ओतणं चाललं होतं.

"जिनेश, जीव हायत रं त्यात!"

"मेल्यात गं ते," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

उद्घाटनाला बुजवलेल्या आडावर रंगीत कारंजं उडत होतं. मागं सोनेरी अक्षरं : 'पाणी गाळून पिणारी आमची अहिंसक संस्कृती'. पाहुणे बाटलीतलं पाणी पीत होते आणि रिकाम्या बाटल्या कारंज्यातच टाकत होते. तांब्या पेटीत ठेवायला आक्काताईला पुढं बोलावलं. ती गेली, त्या अक्षरांवर पचकन थुंकली आणि तांब्या घेऊन घरी चालती झाली.

त्यानंतर ती नदीवरनं येणारं नळाचं पाणी गाळायची आणि अडकलेले जीव सोडायला नदीवर जायची. तिथल्या काळ्या तवंगात हात घालायची तिला शिसारी येई. पुढच्या चैत्रात ती गेली. जिनेश सरपंच झाला. कारंज्याची मोटर जळाली, आता त्यात डुकरं लोळतात. दीपाली पोरांच्या शाळेसाठी सांगलीत फ्लॅट घेऊन राहते. तिथं पाणी टँकरनं येतं. ते कुठल्या विहिरीचं, हे तिनं कधी विचारलेलं नाही.