लंगड्या करडाची पोथी

लालबागच्या चाळीत सुंदराबाईंनी कादंबरीचीच पोथी करून टाकली होती. शेजारच्या कांताने दादरच्या वाचनालयातून आणलेलं ते परदेशी गोष्टीचं पुस्तक दुपारी पाटावर ठेवायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं, प्रकरणाला अध्याय म्हणायचं, तो कांताकडून वाचून घ्यायचा आणि शेवटी खोबरं-साखर वाटायची. पिवळी पानं पाहून वाचनालयवाल्याने कांताला फैलावर घेतलं, पण सुंदराबाईंपुढे बोलायची कोणाची छाती!

गोष्ट होती एका काळ्या मजुराची. गोऱ्या मालकाने त्याच्यावर चोरीचा खोटा आळ घेतला होता. मालकाचं लंगडं करडू मात्र त्या मजुराच्याच पायांत घोटाळायचं. "त्या मुक्या जिवाला माणूस कळतो, नि ह्या मेल्यांना कळत नाही!" असं म्हणत सुंदराबाई पदराने डोळे पुसायच्या.

आणि हे सगळं जाईबाई उंबऱ्याबाहेर, गॅलरीत बसून ऐकायच्या. पलीकडच्या चाळीतल्या, गिरणीत कामाला जाणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी घरादारासह बौद्ध झालेल्या. त्यांना कोणी 'बाहेर बस' म्हटलं नव्हतं, तसं 'आत ये'ही म्हटलं नव्हतं. प्रसाद त्यांच्या ओंजळीत वरून पडायचा. सुंदराबाईंचा रांगता नातू मात्र रोज उंबरा ओलांडून त्यांच्या मांडीवर जायचा, आणि परत आला की त्याच्यावर पाणी शिंपडलं जायचं. कांताचा जीव तुटायचा. जाईमावशींना एकदा तरी आत बसवायचंच, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

खटल्याच्या निकालाच्या अध्यायाला कांता गळ्याभोवती फडकं गुंडाळून आली. कशाबशा दोन ओळी वाचल्या आणि आवाज बसला. "काल मोर्च्यात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडले ना," ती कुजबुजली.

"अगो, पण अध्याय असा अर्ध्यावर सोडतात होय?" सुंदराबाई हवालदिल झाल्या. वाचता येणारी दुसरी कोणी तिथे नव्हती.

"जाईमावशी रात्रशाळेत शिकल्यात," कांता फुसफुसली.

सुंदराबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. "जाई, तिथूनच वाच गो."

"ऐकायचं तर बाहेर बसून ऐकते," जाईबाई म्हणाल्या, "पण वाचायचं तर पाटासमोर बसून. आणि हळदकुंकू मी वाहणार नाही."

एका बाजूला जन्माचा विटाळ, दुसऱ्या बाजूला निकाल. सुंदराबाईंनी पाटासमोरची जागा पदराने पुसली.

"ये आत. हळदकुंकवाचं मी बघते."

जाईबाईंनी खणखणीत वाचलं. मजूर दोषी ठरला. त्याला घेऊन गेले तरी करडू कोर्टाच्या दाराशी त्याची वाट बघत उभंच राहिलं. बायका मुसमुसायला लागल्या.

"कसलं मेलं गाव ते! लाज नाही कोणाला?" सुंदराबाई कडाडल्या.

"त्यासाठी इतक्या लांबच्या गावाला कशाला जायचं, सुंदराबाई?" जाईबाईंनी पुस्तक मिटत विचारलं.

नातू केव्हाच जाईबाईंच्या मांडीवर झोपी गेला होता. मग सुंदराबाई खोबऱ्याची वाटी घेऊन जाईबाईंना खेटून बसल्या, त्यांचा हात आपल्या हातात धरला आणि तळव्यावर प्रसाद ठेवला. "उद्या वेळेवर ये. त्या करडाचं काय झालं ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही."

"येणार! मावशी येणारच!" कांता आनंदाने अशी ओरडली की नातू दचकून रडायला लागला. सुंदराबाईंनी त्याला जाईबाईंच्या मांडीवरून उचलून सरळ छातीशी धरलं. पाण्याचा तांब्या कोणाला आठवलाच नाही.

मग त्यांनी शेगडीवरचा कडू काढा पेलाभर ओतून कांतापुढे केला.

"सकाळी नळावर चांगली खणखणीत भांडत होतीस, तुझं सोंग मी मघाशीच ओळखलं होतं बाय. आता पी. सगळा."