मिटल्या तोंडाचं बोलणं

तळघरातल्या एका खोलीत, भिंतींना जाड गोधड्या ठोकून, चाळीस वर्षं एकच काम करत आलेल्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. चित्रपटातले नको ते आवाज काढून टाकायचे, हे त्यांचं काम. पंख्याची घरघर, लांबच्या मोटारीचा भोंगा, कुणाच्या तरी रिकाम्या पोटातली गुरगुर, काही म्हणून त्यांच्या कानांतून सुटत नसे.

आणि त्यांचा एक नेम होता. दिवसभरात जेवढा आवाज कापला असेल, तेवढा संध्याकाळी एकट्यानं बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. "खरकट्यात चमचा गेला नाही ना, हे बघूनच बाहेर टाकतात की नाही? तसंच हे," असं ते म्हणत.

भाचीच्या चित्रपटाच्या वेळी तो नेम त्यांच्या हातून पहिल्यांदा मोडला.

भाचीनं सहा वर्षं एका मेंढीच्या मागे घालवली होती. तिची आई, म्हणजे कानसेनांची धाकटी बहीण, येईल त्याला सांगायची, "लोकांच्या मुली कुठल्या कुठे पोचल्या, आमची अजून गोठ्यातच आहे." पण चित्रपट तयार झाला होता. थोरली नावाच्या मेंढीचं पहिल्या लोकरकापणीपासून दात पडेपर्यंतचं सगळं आयुष्य त्यात होतं. दोन दिवसांत तो प्रदर्शनासाठी द्यायचा होता. त्या घाईत कानसेनांनी शेवटची कापाकापी उरकली आणि कापलेलं न ऐकताच खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या मालकीण, मेंढपाळ बाई, चित्रपट बघायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी भाचीकडून शब्द घेतला होता, की थोरलीचं जे काही कराल ते मी आधी बघेन, मी हो म्हटलं तरच जगाला दाखवायचं. त्या कामावरून तशाच आल्या होत्या, बाहीला लोकरीचे पुंजके चिकटलेले.

"अगं बाई, ही मी? एवढी जाड?"

"कॅमेऱ्यात थोडं जास्त दिसतं, मावशी," भाची म्हणाली.

"थोडं? दोन मेंढ्या मावतील की माझ्यात."

पडद्यावर लोकरकापणी झाली. थोरली कुंपणातून निसटली आणि बाई तिच्यामागे चिखलात धावल्या, तिथे त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग थोरलीचं शेवटचं बाळंतपण आलं. पडद्यावर ओलं कोकरू गवतात पडलं, बारीक आवाजात रडलं. थोरली वळली, त्याला चाटू लागली. बाई पुढे सरकून बसल्या. गवताची सळसळ स्वच्छ ऐकू येत होती.

बाई वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिला मुकी का केलीत?"

कानसेन नम्रपणे म्हणाले, "अहो, ती गप्पच होती. तोंड मिटलेलं आहे, बघा ना."

"तोंड मिटूनच बोलते ती! पोटातून घुमल्यासारखी. बाळंत झाल्यावर दोन दिवस, फक्त पिल्लाशी. एरवी कुणाशीच नाही, माझ्याशीसुद्धा नाही." बाईंचा आवाज खाली आला. "आता म्हातारी झाली. परत कधी बोलायची नाही. मी एवढ्यासाठीच आले होते हो."

भाचीनं चित्र थांबवलं.

"असं असेल तर नको दाखवायला," बाई म्हणाल्या. "ही माझी थोरली नव्हे."

कानसेनांना एकदम आठवलं. त्या दृश्याखाली त्यांना कालच एक घरघर सापडली होती. गोठ्याशेजारच्या खोलीत दूध थंड करायची टाकी होती, तिचं यंत्र. ती त्यांनी मुळापासून काढली होती आणि स्वतःवर खूशही झाले होते.

"पाच मिनिटं थांबा," ते म्हणाले. काल कापलेलं सगळं, मूळ ध्वनिमुद्रणासकट, तसंच ठेवलेलं होतं. पडदा काळा ठेवून त्यांनी त्या प्रसंगाचं न कापलेलं ध्वनिमुद्रण लावलं.

आधी यंत्र आलं. जाड, एकसुरी, कंटाळवाणं. मग त्या घरघरीच्या आत दुसरी एक घरघर हलली. ती थांबली, कोकरू रडलं, आणि ती लगेच पुन्हा सुरू झाली, जरा वर चढून, विचारल्यासारखी. पुन्हा थांबली. पुन्हा आली.

यंत्र श्वास घेत नसतं, कानसेनांच्या मनात आलं. नकळत त्यांनी हात जोडले होते.

"हीच," बाई पुटपुटल्या. "हीच माझी थोरली."

"मामा, यंत्र तेवढं वेगळं काढता येईल?" भाचीनं विचारलं.

त्यांनी प्रयत्न करून बघितला. दोन्ही आवाज एकाच पट्टीत बसलेले. यंत्र कमी केलं, की थोरलीही विरून जाई.

"राहू दे यंत्र," कानसेन म्हणाले. हे वाक्य त्या खोलीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"जरा मागे न्या ना," बाई म्हणाल्या. "सुरुवात कुठून आहे, ऐकू दे."

त्यांनी मागे नेलं. कोकरू रडायच्या आधी हुंकार होता. आणखी मागे नेलं, तरी होता. मग बादली दाणकन आपटल्याचा आवाज आला, आणि बाईंचा स्वतःचा, "आले गं, आले, धीर धर!" त्याखालीही थोरली बोलतच होती.

"पण इथे तर कोकरू अजून..." बाई थांबल्या.

"पोटात आहे," भाची हळूच म्हणाली. "चार मिनिटांनी होणार आहे."

काळ्या पडद्यासमोर ती आई बोलत राहिली, अजून न दिसलेल्या लेकराशी.

"तीस वर्षं बाळंतपणं करतेय मी," बाई शेवटी म्हणाल्या. "हे कधी कानावर आलंच नाही. येणार कसं? मी आपली बादल्या आपटतेय."

"दृश्य चार मिनिटं आधी सुरू करावं लागेल, मामा. लोक कंटाळतील."

"मला विचारून दाखवायचं ना? मग घ्या ती चार मिनिटं," बाईंनी डोळे पुसले. "दाखवा सगळ्यांना. फक्त माझी ती बादली जाते का बघा."

"बादली काढतो," कानसेन म्हणाले.

त्यांनी ती काढली. संध्याकाळी दोघी गेल्यावर दार लावलं, आणि त्या चार मिनिटांतून कापलेले बादलीचे सात ठोके एकट्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. त्यांत दुसरं काही नव्हतं. तरी त्यांनी ते पुन्हा एकदा ऐकले, मगच दिवा मालवला.