वर्ज्य औषधांचा रकाना

“ह्या मराठी नावांनी डोकं उठवलंय की!” शार्दूल पडद्यापुढं बसून पुटपुटला.

मित्रांनो, त्याला छळणारं नाव माझं होतं. मी कळंब्याजवळच्या एका छोट्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधला जुना रकाना आहे. माझं नाव ‘वर्ज्य औषधे’.

२००१ साली सिस्टर मीनाबाईंनी मला तयार केलं. पुस्तक मांडीवर ठेवून त्या कॉम्प्युटर शिकल्या. घाईत चटकन वाचता यावं, म्हणून नाव मराठी. येईल त्याला विचारायच्या, “कंचं औषध सोसत न्हाई?” आणि एका बोटानं टाइप करायच्या.

कागलच्या कारखान्यातला पिराजी एकदा हसला. “एवढी चौकशी? सोयरीक जुळवताय व्हय?”

“आधी जगशील तर खरं!” म्हणत त्यांनी लिहिलं, ‘पेनिसिलिन नको. श्वास कोंडतो.’

डॉक्टर सुईआधी मला वाचायचे. मी ताठ असायचो.

२००८ साली मीनाबाई निवृत्त झाल्या आणि नवा प्रोग्राम आला. त्याला प्रत्येक रकान्यासाठी एक इंग्रजी नाव लागायचं. कुठलं नाव कुठल्या रकान्याचं, याची यादी दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारा शार्दूल लिहीत होता. बाकीचे जोडले गेले. माझ्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर प्रोग्राम अडायचा. सकाळी नारळ फुटायचा होता. त्यानं माझ्या ओळीआधी दोन तिरक्या रेघा मारल्या. म्हणजे यंत्रानं ती ओळ सोडून द्यायची.

“नंतर बघू,” तो म्हणाला. ते नंतर काही आलं नाही. माझ्यातलं अक्षरही पुसलं नव्हतं. पडद्यावर तेवढा मी नव्हतो.

वर्षभरानं पिराजीला तापानं बरळत आणलं. नव्या सिस्टर सोनमनं पडदा पाहिला. वर्ज्य काहीच दिसेना. पेनिसिलिन दिलं गेलं. ओरडायला रकान्याला घसा कुठला? पाऊण तासात पिराजी गेला.

मित्रांनो, नवं जोडताना जे अडतं, त्याच्याकडं आधी बघा. ते उगाच अडत नसतं.

पाचव्या दिवशी त्याची बायको तानाबाई मीनाबाईंना घेऊन आली.

“नोंदच नव्हती,” डॉक्टर म्हणाले.

“मी लिवलं व्हतं,” मीनाबाई म्हणाल्या.

“वय झालं बाई. विसरला असाल.”

मीनाबाई स्वतःच्या त्या एका बोटाकडं बघत राहिल्या. सोनम खाली बघत होती. कोपऱ्यात बसलेल्या शार्दूलनं यादी उघडली, दोन रेघा काढल्या, माझ्या नावाभोवती चौकोनी कंस घातला, म्हणजे यंत्रानं दोन शब्द मिळून एकच नाव धरायचं. एवढंच लागत होतं. पडद्यावर पिराजीची ओळ उमटली.

“त्यांनी लिहिलं होतं, वहिनी,” तो तानाबाईला म्हणाला. “मी झाकलं.”